जिंकलात तर द्रष्टे, हरलात तर दोषी!

कुणाला संघात घ्यायचं, कुणाला आधी पाठवायचं, कुणाला मागे ठेवायचं... सामना संपल्यावर हे सगळे निर्णय आपण अगदी न्यायाधीशाच्या थाटात तपासतो. पण तपासायची आपली पद्धत तरी बरोबर आहे का?

फरक होता फक्त सहा धावांचा!

जानेवारी २०१०. म्हैसूरच्या गंगोत्री ग्लेड्स मैदानावर रणजी करंडकाची अंतिम लढत रंगली होती - मुंबई विरुद्ध कर्नाटक. पहिल्या डावात मुंबईच्या २३३ आणि कर्नाटकच्या १३० धावा झाल्या. दुसऱ्या डावात अभिमन्यू मिथुननं सहा बळी घेऊन मुंबईची वरची फळी कापून काढली, पण धवल कुलकर्णी या वेगवान गोलंदाजानं चक्क ८७ धावा काढल्या आणि मुंबई २३४ पर्यंत पोहोचली. कर्नाटकला जिंकण्यासाठी हव्या होत्या ३३८ धावा.

सुरुवातीलाच तीन गडी गेले. मग वीस वर्षांचा मनीष पांडे आणि गणेश सतीश यांनी दोनशेहून अधिक धावांची भागी केली. पांडेनं १४४ धावा कुटल्या. करंडक कर्नाटकच्या हातात आलाच, असं वाटत असताना अभिषेक नायरनं पांडेचा अफलातून झेल टिपला. अजित आगरकरनं डावात पाच बळी घेतले. कर्नाटक सर्व बाद ३३१. मुंबईनं ३९ व्यांदा रणजी करंडक जिंकला.

आता क्षणभर कल्पना करा, नायरच्या हातून तो झेल सुटला असता तर? कर्नाटकनं कदाचित हसत हसत सामना जिंकला असता. मग कर्णधार रॉबिन उथप्पाची पाठ थोपटली गेली असती आणि मुंबईच्या वासिम जाफरला ‘हे का केलं, ते का नाही केलं’ असे प्रश्न विचारले गेले असते. गंमत बघा - दोन्ही कर्णधारांचे निर्णय तेच राहिले असते. बदलला असता तो फक्त निकाल!

म्हैसूरहून हासनकडे जाणाऱ्या रेल्वेनं गेलं की चाळीसेक किलोमीटरवर कृष्णराजनगर लागतं. कावेरीकाठचा, भातशेतीचा हा तालुका. इथल्या शेतकऱ्याला ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही. त्यानं नक्षत्र बघून, कालव्याच्या पाण्याचा अंदाज घेऊन वेळेवर लावणी केली आणि नंतर पावसानं दगा दिला, तर त्याला कुणी अडाणी म्हणत नाही. उलट, शेजाऱ्यानं आळसापायी उशीर केला आणि नेमका पाऊसही उशिरा आला, तर त्या शेजाऱ्याला कुणी शहाणा म्हणत नाही. एवढा साधा विवेक आपण क्रिकेट बघताना मात्र खुंटीला टांगून ठेवतो.

एका मताची करामत

या बाबतीत अजित वाडेकर यांच्याइतका बोलका दाखला दुसरा नाही.

१९७१ सालची गोष्ट. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी भारताचा कर्णधार निवडायचा होता. मन्सूर अली खान पतौडी यांचं नाव मोठं, अनुभव मोठा. पण निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत टाकलं ते वाडेकरांच्या पारड्यात. क्रिकेटशौकिनांच्या भुवया उंचावल्या. स्टेट बँकेत नोकरी करणारा, तिसऱ्या क्रमांकावर खेळणारा हा शांत डावखुरा फलंदाज सोबर्सच्या संघासमोर काय करणार?

वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिजमध्ये इतिहासात पहिल्यांदाच मालिका जिंकली. सुनील गावसकर नावाच्या नवख्या सलामीवीरानं पहिल्याच मालिकेत ७७४ धावांची रास रचली. मर्चंट द्रष्टे ठरले!

त्याच वर्षी इंग्लंडचा दौरा होता. या वेळी मर्चंट यांच्या समितीनं आणखी एक धाडस केलं. म्हैसूरमध्ये जन्मलेल्या भागवत चंद्रशेखरला संघात परत बोलावलं. लहानपणी पोलिओनं उजवा हात अशक्त झालेला आणि त्याच हातानं लेगस्पिन टाकणारा हा गोलंदाज जवळजवळ साडेतीन वर्षं कसोटी खेळलेला नव्हता. वेस्ट इंडिजलाही त्याला नेलं नव्हतं. चालला तर चालला, नाही तर सपशेल फसला, असा हा प्रकार. पण त्यामागे हिशेब होता. इंग्लिश फलंदाजांना अशा वेगानं येणाऱ्या लेगस्पिनची सवय नव्हती आणि चंद्राचा चेंडू कोणता वळेल, कोणता सरळ घुसेल, हे भल्याभल्यांना उमगत नसे.

२४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हलवर भारतानं इंग्लंडला त्यांच्या घरी पहिल्यांदा हरवलं. त्याआधी इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला होता आणि चंद्रशेखरचे आकडे होते ३८ धावांत ६ बळी. मुंबईत जल्लोष झाला, मिरवणूक निघाली. इंदूरमध्ये तर या संघाच्या सन्मानार्थ काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली गेली.

फक्त तीन वर्षं गेली.

१९७४ मध्ये भारताचा संघ पुन्हा इंग्लंडला गेला. कर्णधार तोच. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात सर्व बाद ४२! मालिका ०-३ अशी गेली. ज्या मुंबईनं वाडेकरांना डोक्यावर घेतलं होतं, त्याच मुंबईत त्यांच्या घरावर दगड पडले. इंदूरची ती बॅटही संतापाच्या तडाख्यातून सुटली नाही. वाडेकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

माणूस तोच. १९७१ मध्ये तो अचानक थोर झाला नव्हता आणि १९७४ मध्ये अचानक मूर्खही झाला नव्हता. आपण मात्र दोन्ही वेळा निकालाकडे बघून निवाडा दिला.

सिद्धूची मान अवघडली आणि...

हेच वाडेकर नव्वदच्या दशकात भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. निर्णय घेणाऱ्याच्या नशिबी काय येतं, हे ज्यानं दगड झेलून शिकलं होतं, तो माणूस आता पुन्हा निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर बसला होता.

२७ मार्च १९९४. न्यूझीलंडमधलं ऑकलंड. सकाळी कळलं, सलामीवीर नवज्योत सिद्धूची मान अवघडली आहे, तो खेळू शकत नाही. आता डाव कोण सुरू करणार? तोवर एकदिवसीय सामन्यांत मधल्या फळीत खेळणारा सचिन तेंडुलकर व्यवस्थापक वाडेकर आणि कर्णधार अझरुद्दीन यांच्याकडे गेला. मला एकदा संधी द्या, जमलं नाही तर पुन्हा मागायला येणार नाही, अशी त्यानं विनवणी केली. सचिननं स्वतः ही हकिकत अनेकदा सांगितली आहे.

दोघांनी होकार दिला. पुढचं सगळ्यांना पाठ आहे - ४९ चेंडूंत ८२ धावा, १५ चौकार आणि २ षटकार! न्यूझीलंडच्या १४२ धावा भारतानं २४ व्या षटकातच पार केल्या. सचिनच्या ४९ एकदिवसीय शतकांपैकी तब्बल ४५ शतकं सलामीला आलेली आहेत. त्याआधी मधल्या फळीत खेळताना त्याला एकही शतक करता आलं नव्हतं.

म्हणजे निर्णय बरोबरच होता, असं आपण म्हणतो. पण थांबा! समजा, त्या सकाळी सचिन पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचित झाला असता, तर? मग निर्णय चुकीचा ठरला असता का?

मुळीच नाही. नेहमीचा सलामीवीर उपलब्ध नव्हता. धावसंख्या लहान होती, त्यामुळे प्रयोग फसला तरी सावरायला जागा होती. सुरुवातीच्या षटकांत क्षेत्ररक्षक जवळ ठेवण्याचं बंधन होतं आणि त्याचा फायदा उठवणारा आक्रमक सलामीवीर काय करू शकतो, हे न्यूझीलंडच्याच मार्क ग्रेटबॅचनं १९९२ च्या विश्वचषकात दाखवून दिलं होतं. शिवाय खेळाडू स्वतः ती जागा मागत होता. इतकी सगळी कारणं हाताशी होती. सचिन शून्यावर बाद झाला असता तरी ती कारणं खोटी ठरली नसती. आपल्याला ती ऐकायला मिळाली नसती, इतकंच!

एक वर गेला, एक खाली आला

फलंदाजीचा क्रम म्हणजे रांग. एकाला पुढे आणायचं तर दुसऱ्याला मागे सरावं लागतं. टाळ्या पुढे गेलेल्याला मिळतात, मागे सरलेल्याची आठवण कुणाला राहत नाही.

मार्च २००१, कोलकात्याचं ईडन गार्डन्स. ओळीनं १६ कसोटी जिंकून आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या ४४५ धावांपुढे भारताचा पहिला डाव १७१ धावांत गडगडला आणि फॉलोऑन मिळाला. सहाव्या क्रमांकावर आलेल्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मणनं एकट्यानं झुंज देत ५९ धावा केल्या होत्या. तो पॅड सोडायच्या आतच प्रशिक्षक जॉन राइट यांनी त्याला सांगितलं, दुसऱ्या डावात तू तिसऱ्या क्रमांकावर जायचंस.

तिसरा क्रमांक कुणाचा होता? राहुल द्रविडचा. इंदूरला जन्मलेला, बंगळुरूत वाढलेला हा मराठी घरातला मुलगा त्या वेळी धावांसाठी झगडत होता. त्याला सहाव्या क्रमांकावर ढकलण्यात आलं. उपकर्णधार नाही, ज्येष्ठ खेळाडू नाही, कुणीही असो, त्याला हे बोचणारच. द्रविड आला तेव्हा चार गडी बाद झाले होते आणि ऑस्ट्रेलियाची आघाडीही फिटायची होती. लक्ष्मण आणि द्रविड या जोडीनं १४ मार्चचा पूर्ण दिवस एकही गडी न गमावता खेळून काढला. त्यांची भागीदारी ३७६ धावांची झाली. लक्ष्मणच्या २८१ आणि द्रविडच्या १८० धावा झाल्या. भारत १७१ धावांनी जिंकला.

इथं निर्णयामागचं कारण साधं होतं. जो चांगला खेळतो आहे त्याला जास्त वेळ मिळू द्या. पण निर्णय कागदावर कितीही चांगला असला तरी तो मनापासून स्वीकारणारा माणूस लागतो. द्रविड रुसून बसला असता, तर लक्ष्मणला साथ कुणी दिली असती?

मग टीका करायचीच नाही?

असं कुणी सुचवत असेल तर त्याचंही ऐकू नका. टीका जरूर करावी, पण नेमकी करावी.

२००७ च्या विश्वचषकात प्रशिक्षक ग्रेग चॅपेल आणि कर्णधार द्रविड यांच्या संघात सचिनला सलामीवरून चौथ्या क्रमांकावर नेण्यात आलं. वेस्ट इंडिजच्या संथ खेळपट्ट्यांवर मधल्या षटकांत अनुभवी माणूस हवा, असा विचार त्यामागे होता. तो अगदीच पोकळ नव्हता. त्याच वर्षी जानेवारीत बडोद्याला सचिननं चौथ्या क्रमांकावरून नाबाद शतक ठोकलं होतं. पण १७ मार्चला बांगलादेशनं आपल्याला हरवलं, २३ मार्चला श्रीलंकेनं. सचिनच्या तीन सामन्यांतल्या धावा होत्या ७, नाबाद ५७ आणि ०. देशभर पुतळे जळले. रांचीत महेंद्रसिंग धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची मोडतोड झाली.

आता हा निर्णय कसा तपासायचा? ‘हरलो म्हणून चुकला’ हे उत्तर नव्हे. खरा आक्षेप असा की, बडोद्याचं एक शतक एका बाजूला आणि सलामीला काढलेली डझनावारी शतकं दुसऱ्या बाजूला, हे दोन्ही पुरावे मार्चच्या आधीच समोर होते. खुद्द सचिनला सलामीलाच खेळायचं होतं, हेही ठाऊक होतं. लहान पुराव्यावर मोठा पुरावा मोडला गेला. भारत जिंकला असता तरी हा आक्षेप तसाच उभा राहिला असता.

याउलट २ एप्रिल २०११. वानखेडेवर विश्वचषकाची अंतिम लढत. २७५ धावांचा पाठलाग. ११४ धावांवर तिसरा गडी बाद झाला आणि जबरदस्त फॉर्मात असलेल्या युवराजऐवजी मैदानात आला कर्णधार धोनी. त्या स्पर्धेत तोवर त्याचं एकही अर्धशतक नव्हतं! पण समोर डावखुरा गंभीर होता, म्हणून उजव्या हाताचा फलंदाज हवा होता. मुरलीधरनचा ऑफस्पिन युवराजला जास्त जाचला असता आणि चेन्नई सुपर किंग्जमध्ये एकत्र खेळल्यानं धोनी मुरलीला चांगला ओळखत होता. धोनी नाबाद ९१. षटकार. विश्वचषक. तो लवकर बाद झाला असता तर त्याच्या घरावर पुन्हा लोक चालून गेले असते. कारणं मात्र तेवढीच भक्कम राहिली असती.

चौकट : अमेरिकेतला ‘रांगेचा’ हिशेब

बेसबॉल या खेळात फलंदाजीचा क्रम हा केवढा तरी मोठा विषय असतो. नऊ फलंदाजांची यादी सामन्याआधी पंचांकडे द्यावी लागते आणि मग तो क्रम बदलता येत नाही. बदली खेळाडू आला तरी तो मूळ खेळाडूच्याच जागी येतो. नववा झाला की पुन्हा पहिल्याची पाळी. त्यामुळे वरच्या क्रमांकाला पाळ्या जास्त मिळतात. १६२ सामन्यांच्या मोसमात पहिल्या आणि नवव्या क्रमांकात शंभराहून अधिक पाळ्यांचा फरक पडतो.

तरीही आकडेमोड करणाऱ्यांनी दाखवून दिलं की, उत्तम क्रम आणि नेहमीचा क्रम यांनी वर्षाकाठी फार तर एखाद-दुसऱ्या सामन्याचा फरक पडतो. कोण कितवा येतो यापेक्षा संघात कोण आहे, हे जास्त महत्त्वाचं! क्रम ठरवतो तो मैदानावरचा मॅनेजर. खेळाडू निवडतो, विकत घेतो तो जनरल मॅनेजर.

ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या कमी पैसेवाल्या संघाचा जनरल मॅनेजर होता बिली बीन. २००१ नंतर जेसन गियाम्बी, जॉनी डेमन असे त्याचे मोठे खेळाडू श्रीमंत संघांनी पळवले. बीननं दिखाऊ फटकेबाजांऐवजी बाद न होता पहिल्या तळावर वारंवार पोहोचणारे, पण बाजारात स्वस्त मिळणारे खेळाडू गोळा केले. २००२ मध्ये या संघानं ओळीनं २० सामने जिंकले. मोसमात एकूण १०३ विजय! पण बाद फेरीत मिनेसोटानं पहिल्याच टप्प्यात त्यांना घरी पाठवलं.

मग बीन पास की नापास? १६२ सामन्यांची वही बघायची की शेवटचे पाच सामने? ही हकिकत ‘मनीबॉल’ या पुस्तकात आली आणि २०११ मध्ये त्यावर ब्रॅड पिटचा सिनेमाही निघाला. बीनची पद्धत पुढे श्रीमंत संघांनीही उचलली, यातच उत्तर आलं.

आपल्या घरातली बॅटिंग ऑर्डर

आता टीव्ही बंद करून जरा घरात बघू या. सकाळी एकच न्हाणीघर आणि सात वाजता शाळेची बस, साडेसातला लोकल! आधी कोण, नंतर कोण, हे रोज कुणी तरी ठरवतंच. बहुतेक घरांत ती आई असते आणि तिचा स्वतःचा नंबर शेवटचा असतो. मोठ्या मुलीचं शिक्षण आधी की धाकट्याचा क्लास आधी? गावची जमीन विकून शहरात फ्लॅट घ्यायचा की थांबायचं? घराघरात असा एक कर्णधार असतो, एक निवड समिती असते आणि सामना संपल्यावर बोलणारे समीक्षक तर भरपूर असतात.

‘तेव्हाच सांगितलं होतं’ हे वाक्य किती घरांत किती वर्षं घुमत राहतं! बाबांनी सगळी चौकशी करून नोकरी बदलली आणि दोन वर्षांनी ती कंपनी बुडाली. मुलीनं विचार करून शाखा निवडली आणि तिथं नोकऱ्या आटल्या. निकाल वाईट लागला, हे खरं. पण त्यासाठी त्यांना जन्मभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं का? अशा घरात मग कुणी निर्णयच घ्यायला धजत नाही. सगळे ‘तुम्हीच ठरवा’ म्हणू लागतात. हे नुकसान एका फसलेल्या निर्णयापेक्षा कितीतरी मोठं असतं.

उलटंही तितकंच खरं. कुणी न विचारता, न पाहता पैसे लावले आणि नशिबानं दुप्पट झाले, तर त्याला घरातला अर्थमंत्री करू नका. पुढचा डाव अंगावर येईल!

तेव्हा घरचा असो वा मैदानावरचा, निर्णय तपासताना तीन प्रश्न विचारावेत. पहिला - त्या दिवशी काय काय माहीत होतं, आणि जे माहीत करून घेता येण्यासारखं होतं ते घेतलं होतं का? दुसरा - दुसरे मार्ग कोणते होते आणि ते का सोडले? तिसरा - पुन्हा तीच परिस्थिती आली, तर हाच निर्णय घेऊ का? तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील, तर निकाल काही का लागेना, त्या माणसाच्या पाठीवर हात ठेवा. नसतील, तर यश मिळालं असलं तरी त्याला बाजूला घेऊन दोन शब्द सांगा.

एक साधी युक्तीही करून बघण्यासारखी आहे. मोठा निर्णय घेताना त्यामागची कारणं चार ओळींत वहीत लिहून तारीख घालून ठेवायची. निकाल कळल्यावर सगळ्यांचीच स्मरणशक्ती थोडी लबाड होते. ‘मला आधीच वाटलं होतं’ असं प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटू लागतं. वही मात्र खोटं बोलत नाही.

आणि हो, पुढच्या सामन्याला टीव्हीसमोर बसून ‘याला आधी कशाला पाठवला?’ असं ओरडायचं असेल, तर खुशाल ओरडा. फक्त तो फलंदाज बाद व्हायच्या आधी ओरडा!